ग्रीनलँडच्या बातमीत ग्रीनलँडचा हिशेबही द्या: मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि वृत्तसंकेतस्थळांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ मध्ये ग्रीनलँड विकत घेण्याची भाषा केली, २०२४ च्या अखेरीस तो विषय पुन्हा काढला, आणि तेव्हापासून हे बेट मराठी बातम्यांत वरचेवर दिसू लागले. पण दिसते ते नकाशावरचा पांढरा तुकडा म्हणून. अमेरिकेला ते हवे आहे, डेन्मार्क देत नाही, चीन-रशियाचा डोळा आहे, खाली खनिजांचा खजिना आहे, इथवर बातमी येते आणि थांबते. तिथे राहणारी सुमारे ५७ हजार माणसे, त्यांची संसद, त्यांचा अर्थसंकल्प, त्यांची बंदरे आणि वीजघरे यांचा त्यात पत्ता नसतो. आम्ही या प्रदेशाच्या अर्थकारणाचा अभ्यास करतो, आणि आपल्याला एक विनंती करायला हे पत्र लिहीत आहोत: ग्रीनलँडच्या भवितव्याची बातमी देताना तिथला जमाखर्चही द्या. कधी ना कधी स्वतंत्र व्हायचे, यावर तिथल्या बहुतेक पक्षांचे एकमत आहे. गाडी अडते ती पैसा कुठून येणार आणि राहणीमान घसरणार का, या प्रश्नांवर.

आधी कायदा, कारण सर्वाधिक चुका तिथे होतात. ग्रीनलँड ही आज डेन्मार्कची वसाहत नाही. तो दर्जा १९५३ च्या डॅनिश राज्यघटनेने संपला. १ मे १९७९ पासून तिथे गृहशासन, म्हणजे मर्यादित अंतर्गत स्वायत्तता, आले. नोव्हेंबर २००८ च्या सार्वमतात ७५ टक्क्यांहून अधिक मते स्वशासनाच्या बाजूने पडली आणि २१ जून २००९ रोजी स्वशासन कायदा लागू झाला. ग्रीनलँडच्या जनतेला आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, हे या कायद्याच्या प्रस्तावनेतच मान्य केलेले आहे. कलम २१ मध्ये वेगळे होण्याची वाट लिहून ठेवली आहे. निर्णय ग्रीनलँडच्या जनतेने घ्यायचा; मग राजधानी नूकमधले सरकार आणि डॅनिश सरकार यांच्यात वाटाघाटी; होणाऱ्या कराराला इनात्सिसार्तुत या ३१ सदस्यांच्या संसदेची संमती आणि ग्रीनलँडमधल्या सार्वमताचा दुजोरा लागतो, आणि डॅनिश संसदेचीही संमती लागते. या वाटेवर तिसऱ्या देशाने किंमत मोजण्याचा टप्पा कुठेच नाही. ‘डेन्मार्क ग्रीनलँड विकेल का?’ ही चौकट पडद्यावर झळकवताना हे कलम कुणी वाचलेले असते का, असा प्रश्न आम्हाला पडतो. तिथे तर साधी घराखालची जमीनही खासगी मालकीची नसते. घर तुमचे, जमीन सामाईक. नगरपालिका फक्त वापराचा हक्क देते.

परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, चलन, नागरिकत्व आणि सर्वोच्च न्यायालय डेन्मार्ककडे आहे. मासेमारी, शिक्षण, आरोग्य, कर आणि १ जानेवारी २०१० पासून खनिजे हे विषय ग्रीनलँडच्या सरकारकडे आहेत. ‘सुरक्षेसाठी अमेरिकेला ताबा हवा’ हे वाक्य जेव्हा आपण छापता तेव्हा शेजारी १९५१ च्या संरक्षण कराराचाही उल्लेख करावा. त्या करारानुसार अमेरिकेचा वायव्येकडचा पिटुफिक तळ (२०२३ पर्यंत त्याचे नाव थुले होते) आजही चालू आहे, आणि २००४ मध्ये करारात सुधारणा झाली तेव्हा तिच्यावर ग्रीनलँडच्या सरकारनेही सही केली. लोकांचे मत काय, तेही मोजून झाले आहे: जानेवारी २०२५ च्या जनमत चाचणीत ८५ टक्के लोकांनी अमेरिकेचा भाग व्हायला नकार दिला. मार्च २०२५ च्या निवडणुकीत डेमोक्राटीत या पक्षाला सर्वाधिक १० जागा मिळाल्या. त्याची भूमिका स्वातंत्र्य हवे, पण आधी अर्थव्यवस्था उभी करू, अशी. लवकर निघू म्हणणाऱ्या नालेराक पक्षाला ८ जागा मिळाल्या.

आता पैशांकडे येऊ. डेन्मार्क दरवर्षी ग्रीनलँडला एकगठ्ठा अनुदान देतो. कायद्याने ते २००९ च्या किमतींनुसार ३४३.९६ कोटी क्रोनर (डॅनिश चलन) इतके ठरवले आणि पुढे महागाई व वेतनाच्या निर्देशांकाशी जोडले. आज ते ४०० कोटी क्रोनरच्या पुढे, म्हणजे रुपयांत पाच हजार कोटींच्या आसपास किंवा त्याहून थोडे जास्त आहे. तिथल्या सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या पैशांपैकी जवळपास निम्मा हा. एखाद्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी लोकसंख्या आणि तिच्यासाठी एवढी रक्कम, हे वाचून कुणाला ती उधळपट्टी वाटेल. पण ५७ हजार लोक जवळपास सत्तर वस्त्यांत विखुरलेले आहेत आणि प्रत्येक वस्तीला स्वतंत्र बंदर, वीज, पाणी, शाळा, दवाखाना द्यावा लागतो.

अनुदान आणि खनिजे यांचा संबंध स्वशासन कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे आणि तो मराठीत आमच्या वाचनात कधीच आला नाही. खनिजांपासून सरकारला जे उत्पन्न मिळेल, त्यातले वर्षाला पहिले साडेसात कोटी क्रोनर ग्रीनलँडचे. त्यापुढच्या उत्पन्नाच्या निम्म्या रकमेइतके डेन्मार्कचे अनुदान कमी होते. समजा एखाद्या वर्षी खाणींतून सरकारला १०० कोटी क्रोनर मिळाले. त्यातून साडेसात वजा केले की उरले साडेब्याण्णव. त्याचे निम्मे, सव्वासेहेचाळीस कोटी, अनुदानातून कापले जातील. आता उलटे गणित करा. अनुदान ४३० कोटी धरले, तर ते शून्यावर आणायला सरकारचे खाण-उत्पन्न वर्षाला सुमारे ८६७ कोटी क्रोनर व्हावे लागेल. ही खाणीची उलाढाल नव्हे. ही कर, स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) आणि सरकारी हिश्श्यातून तिजोरीत प्रत्यक्ष पडलेली रक्कम. आज तिथे चालू असलेल्या खाणी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत. ‘खनिजांच्या बळावर स्वातंत्र्य’ असे शीर्षक देण्याआधी हा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

मग आज देश चालतो कशावर? मासळीवर. वस्तूंच्या निर्यातीतला ९० टक्क्यांहून अधिक वाटा मासळीचा आहे, आणि त्यातही दोन जिनसांचा: थंड पाण्यातली कोळंबी आणि ग्रीनलँड हॅलिबट हा चपटा मासा. कोळंबी मुख्यत्वे मोठे ट्रॉलर धरतात. हॅलिबटचा मोठा भाग लहान होड्यांतून आणि हिवाळ्यात गोठलेल्या फ्योर्डवरून (डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या चिंचोळ्या खाडीवरून) येतो. इलुलिस्सात आणि उउमान्नाक भागात बर्फाला भोक पाडतात, शेकडो गळ लावलेली लांब दोरी आत सोडतात आणि दोरीच्या टोकाला धातूचा एक पत्रा बांधतात. हा पत्रा पाण्यात तिरपा सरकत दोरीला आडवी ओढून नेतो, नाहीतर ती भोकाखालीच ढीग होऊन पडेल. दोरी शेकडो मीटर खोल जाते, काही तासांनी ती रहाटाने वर घेतात आणि मासे कुत्र्यांच्या गाडीने किंवा स्नोमोबाईलने कारखान्यात पोहोचवतात. या साखळीत बिघडतो तो बर्फ. तो पुरेसा जाड झाला नाही तर गाडी जात नाही, आणि होडी चालावी इतके पाणी मोकळेही नसते. मग त्या घराचे उत्पन्न काही आठवडे बंद. दुसरा धोका बाजाराचा. चीनमधला हॅलिबटचा भाव किंवा युरोपातला कोळंबीचा भाव उतरला की सरकारी मालकीच्या रॉयल ग्रीनलँड कंपनीचा ताळेबंद हलतो, आणि त्याबरोबर सरकारचा अर्थसंकल्पही. मासेमारीचे धोरण आपल्याच हाती असावे म्हणून ग्रीनलँडने १९८२ मध्ये सार्वमत घेतले आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी युरोपीय आर्थिक समुदाय (आजच्या युरोपीय संघाचा पूर्वावतार) सोडला. युरोपच्या जहाजांना तिथे मासे धरायचे तर आजही करार करून पैसे मोजावे लागतात.

पायाभूत सुविधांवर मात्र आम्ही जरा थांबणार आहोत, कारण सगळ्या चर्चेचे मूळ तिथे आहे. ग्रीनलँडमध्ये कुठलीही दोन शहरे रस्त्याने जोडलेली नाहीत. क्षेत्रफळ २१.६६ लाख चौरस किलोमीटर. त्यातला सुमारे ८० टक्के भाग बर्फाच्या थराखाली. उरलेली किनारपट्टी फ्योर्डांनी इतकी चिरलेली आहे की शेजारच्या गावाला जायला होडी, विमान किंवा हेलिकॉप्टरच लागते. (ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवणाऱ्या मर्केटर नकाशावर हे बेट आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. निदान हा नकाशा तरी वापरू नये.)

वीज पाहा. राष्ट्रीय ग्रीड नाही. नुकिसिओर्फीत ही सरकारी संस्था प्रत्येक गावाला वेगळी वीज देते. पाच जलविद्युत केंद्रे आहेत: नूकसाठी १९९३ पासून बुकसेफ्योर्ड, आता ४५ मेगावॅट, पूर्व किनाऱ्यावर तासिलाकचे सव्वा मेगावॅटच्या आतले छोटे केंद्र, काकोर्तोक आणि नार्साकसाठी सुमारे ७ मेगावॅटचे, सिसिमिउतचे १५ आणि इलुलिस्सातचे २२.५ मेगावॅटचे. बुकसेफ्योर्डची १३२ किलोव्होल्टची वाहिनी आमेरालिक फ्योर्ड एका झेपेत ओलांडते. दोन मनोऱ्यांमधले ते अंतर ५,३७६ मीटर आहे, जगातले सर्वांत लांब. अशा वाहिनीवर बर्फ साचला किंवा वाऱ्याने तार तुटली तर दुसरीकडून वीज आणायची सोय नाही, म्हणून शहरात डिझेलचे राखीव वीजघर कायम सज्ज ठेवावे लागते. दोन्हींचा खर्च ग्राहक आणि तिजोरी मिळून भरतात. ज्या गावांना जलविद्युत नाही तिथे डिझेल जनित्रे आहेत, आणि त्यांचे वर्षभराचे तेल समुद्र गोठण्याआधी टाक्यांत भरून ठेवावे लागते. एक टँकर चुकला तर पुढचा वसंतात.

पाणी आणि सांडपाण्याचीही हीच गत. खडक फोडल्याशिवाय नळ जमिनीत पुरता येत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी ते उष्णतारोधक पेटीत जमिनीवरूनच नेतात आणि आत गरम राहणारी तार सोडतात. लहान वस्त्यांत घरोघर नळ नसतो. एका सार्वजनिक नळघरातून पाणी भरून आणायचे. उत्तरेच्या कानाकमध्ये हिवाळ्यात हिमनगांचा बर्फ वितळवून पाणी केले जाते. ‘अमुक वर्षांत इतके हजार कामगार आणू’ अशी घोषणा कुठल्या कंपनीने केली, तर बातमीदाराने पहिला प्रश्न विचारावा: ते राहणार कुठे आणि त्यांचे पाणी-वीज कुणाकडून?

माल समुद्रातून येतो. सरकारी मालकीच्या रॉयल आर्क्टिक लाइनकडे मालवाहतुकीचा एकाधिकार आहे आणि त्या बदल्यात तोट्यातल्या गावांनाही सेवा देण्याचे बंधन. डेन्मार्कमधल्या आल्बोर्गहून, आणि २०२० पासून आइसलँडच्या कंपनीशी झालेल्या करारामुळे रेक्याविकमार्गेही, कंटेनर नूकच्या नव्या बंदरात उतरतात. तिथून ते लहान जहाजांत चढवले जातात. अनेक वस्त्यांच्या धक्क्यावर क्रेन नाही, म्हणून जहाजाला स्वतःची क्रेन लागते. पूर्वेकडच्या इत्तोक्कोर्तूर्मीतसारख्या ठिकाणी उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांतच जहाज पोहोचते. तिथल्या दुकानात पुढच्या जूनमध्ये काय मिळेल, हे आदल्या वर्षीच ठरून जाते.

विमानतळांची गोष्ट तर सरळ राजकारणाची आहे. कांगेरलुसुआकची २,८०० मीटरची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी तळाची. ती फ्योर्डच्या आत असल्याने हवा स्थिर, धुके कमी. पण तिथे राहतात जेमतेम पाचशे लोक, आणि धावपट्टीखालची गोठलेली जमीन खचत चालली आहे. कोपनहेगनहून येणारा प्रवासी तिथे उतरून लहान डॅश-८ विमानाने नूकला जायचा, कारण नूकची धावपट्टी हजार मीटरचीही नव्हती. नूक, इलुलिस्सात आणि काकोर्तोक इथे नवे विमानतळ बांधायचे ठरले, आणि २०१८ मध्ये एक चिनी सरकारी बांधकाम कंपनी स्पर्धेत उतरली. वॉशिंग्टन आणि कोपनहेगन दोघेही अस्वस्थ झाले. डेन्मार्कने ७० कोटी क्रोनर देऊन विमानतळ कंपनीत ३३ टक्के हिस्सा घेतला आणि कर्जाची हमीही दिली. ‘आपल्या विमानतळात डेन्मार्क कशाला?’ म्हणून नालेराक पक्ष सरकारबाहेर पडला. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी नूकची २,२०० मीटरची धावपट्टी सुरू झाली आणि जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून थेट विमान आले. पण नूक समुद्रकाठी आहे. तिथे धुके आणि आडवा वारा दोन्ही आहेत. विमानाला पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन बाळगावेच लागते, म्हणून कांगेरलुसुआकची धावपट्टी पुरती सोडूनही देता येत नाही. एकाऐवजी दोन सांभाळायच्या, हा खर्च उद्घाटनाच्या बातमीत कुठेच नव्हता.

आता खाणी. मराठी बातमीत ‘दुर्मीळ मृदा धातूंचे साठे’ आणि ‘खाण’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. साठा सापडणे आणि धातू जहाजावर चढणे यांत अनेक पायऱ्या आहेत. शोधाचा परवाना मिळतो. मग काही उन्हाळे ड्रिलिंग, कारण काम करण्याजोगे महिने थोडेच असतात. मग पर्यावरणावरील आणि समाजावरील परिणामांचे दोन अहवाल. त्यांच्या आराखड्यावर ३५ दिवसांची पूर्वसल्लामसलत, अहवाल तयार झाल्यावर किमान आठ आठवड्यांची जनसुनावणी. पर्यावरण अहवालाची छाननी आरहूस विद्यापीठाचे केंद्र आणि नूकमधली निसर्गसंशोधन संस्था करतात. स्थानिक रोजगार व कंत्राटांबद्दल कंपनी, सरकार आणि नगरपालिका यांचा करार होतो. उत्खननाचा परवाना यानंतर. तो मिळाला तरी खाणीच्या आराखड्याला आणि खाण बंद करण्याच्या आराखड्याला, त्यासाठीच्या आर्थिक हमीसह, वेगळी मंजुरी लागते. यातल्या कुठल्या पायरीवर प्रकल्प आहे, हे एका ओळीत लिहिले तरी वाचकाची फसवणूक टळेल. विशेषतः आपल्याकडे लोक अशा बातम्या वाचून परदेशी खाण कंपन्यांचे शेअर घेऊ लागले आहेत, तेव्हा ही ओळ टाळू नये.

दक्षिणेकडच्या नार्साक शहराजवळचा क्वानेफेल्ड साठा हे सर्वांत बोलके उदाहरण. तिथे दुर्मीळ मृदा धातू युरेनियम आणि थोरियमसोबत एकाच खडकात आहेत. ज्या स्टीनस्ट्रुपाइन खनिजात ते आहेत, त्यावर व्यापारी प्रमाणात प्रक्रिया कुठेच झालेली नाही. त्याच खडकात विलिऑमाइट हे फ्लोराइडयुक्त खनिज आहे, आणि ते पाण्यात विरघळते. म्हणजे फ्लोराइड ओढ्यात जाण्याचा धोका. टाकाऊ गाळ वरच्या तासेक तळ्यात साठवायची योजना होती आणि खाली मेंढपाळांची कुरणे आणि सुमारे तेराशे लोकांचे गाव. २०१३ मध्ये संसदेने १५ विरुद्ध १४ मतांनी युरेनियमवरची जुनी बंदी उठवली. एप्रिल २०२१ ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली, विरोधातला इनुइट अतकातिगीत पक्ष जिंकला आणि त्या नोव्हेंबरमध्ये नवा कायदा आला: दर दहा लाख भागांत १०० भागांहून अधिक युरेनियम असलेल्या साठ्याचे उत्खनन करता येणार नाही. कंपनीने परवाना किंवा अब्जावधी डॉलरची भरपाई मागत दावा लावला आहे. हा निर्णय मागासलेपणातून आला असे कुणी म्हणत असेल, तर त्याने ती निवडणूक नीट वाचलेली नाही. ज्यांच्या दारात गाळ साचणार होता, त्यांनी वर्षानुवर्षे सुनावण्यांना बसून, कागद वाचून मत दिले.

शेजारच्या तानब्रीझ साठ्यात युरेनियम कमी आहे आणि २०२० पासून उत्खननाचा परवानाही आहे. पण तिथले युडिअलाइटही अवघड खनिज: आम्लात विरघळवताना सिलिकाची जेली बनते आणि गाळणी तुंबते. नूकच्या ईशान्येला इसुआचे लोहखनिज होते. २०१३ मध्ये लंडन मायनिंगला परवाना मिळाला, पुढच्या वर्षी लोखंडाचे भाव कोसळले आणि कंपनी बुडाली. परवाना हाँगकाँगच्या कंपनीकडे गेला, काम सुरूच झाले नाही, २०२१ मध्ये सरकारने तो काढून घेतला. मानित्सोकला अल्कोआ या अमेरिकी कंपनीचा अॅल्युमिनियम कारखाना येणार म्हणून गाव वर्षानुवर्षे थांबले. तो आला नाही. नालुनाकच्या सोन्याच्या खाणीतून मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सोने निघाले. जुन्या बोगद्यांचा आयता आधार होता, आणि सोने थोड्या वजनात मावते. त्यासाठी मोठे बंदर लागत नाही. लोखंडाला लागते. जी खाण स्वतःचे बंदर, वीजघर, वसाहत आणि इंधनटाक्या बांधण्याइतका भाव मिळवू शकते, तीच तिथे टिकते.

तेव्हा काही ठोस गोष्टी सुचवतो. ग्रीनलँडच्या सांख्यिकी कार्यालयाची आकडेवारी इंग्रजीत खुली आहे. लोकसंख्या, पकड, निर्यात, वीज सारे त्यात मिळते. सेर्मित्सिआक हे वृत्तपत्र आणि केएनआर ही तिथली सार्वजनिक वाहिनी यांच्या बातम्या भाषांतर यंत्रानेही वाचता येतात. वॉशिंग्टनचे मत दिले त्या दिवशी नूकचेही द्यावे. चर्चेला सेवानिवृत्त सेनाधिकारी जरूर बोलवा, पण सोबत एखादा बंदर अभियंता, मत्स्यतज्ज्ञ किंवा भूगर्भशास्त्रज्ञही बसवा. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था, एनसीपीओआर, गोव्यात वास्को इथे आहे. भारताचे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचे ‘हिमाद्री’ केंद्र तीच चालवते. आर्क्टिक परिषदेत भारत २०१३ पासून निरीक्षक आहे आणि २०२२ मध्ये त्याने आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले. समुद्रातला बर्फ, हिमनद्या आणि ध्रुवीय हवामान यांवर बोलू शकणारी माणसे मुंबईहून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत.

आणि आपल्या संकेतस्थळांवर आजही ‘ग्रीनलँड म्हणजे काय’ या धर्तीचे जुने लेख आहेत, जे दर नव्या वादाला पुन्हा वर येतात. त्यांत ‘डेन्मार्कची वसाहत’ असे असेल तर ते काढून २००९ चा कायदा आणि कलम २१ घालावे, ‘खाणी’ असेल तिथे प्रत्यक्ष चालू खाण कोणती ते लिहावे, आणि दुरुस्तीची तारीख वर छापावी. मजकूर तपासून देण्याची आमची तयारी आहे, मानधनाशिवाय.

आपले,
आर्क्टिक प्रदेशाच्या अर्थकारणाचे काही मराठी अभ्यासक